घासलेली मूठ

१

वहिनींनी पेटी माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"भावोजी, माझा माणूस खोटारडा होता का, एवढंच सांगा. किंमत-बिंमत नंतर बघू."

मी भिंग खाली ठेवलं. पोस्टमास्तर माझा शाळेपासूनचा मित्र, आणि ह्या त्याची बायको. तीन महिन्यांपूर्वी तो गेला तेव्हाही ह्या बाईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. आता मात्र ओठ थरथरत होते. रागाने.

त्यांनी एक पत्र पुढे केलं. संग्रहालयाचं, तिथल्या नव्या बाईंच्या सहीचं. सरकारी भाषेत, पण मुद्द्याचं: पेटीतल्या रिव्हॉल्व्हरवरचा नंबर आधीचा नंबर घासून त्यावर नव्याने ठोकलेला आहे, सबब टपाल दालनासाठी ते स्वीकारता येत नाही.

त्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या ओळखीत नसेल. पोस्टमास्तराचे आजोबा टपालाच्या गाडीवर रखवालदार होते. घाटात पाच दरोडेखोर आडवे आले आणि आजोबांनी ह्याच रिव्हॉल्व्हरने ते पळवून लावले. एक पत्रसुद्धा हरवलं नाही. पोस्टमास्तर ही गोष्ट लग्नात सांगायचा, बारशाला सांगायचा, आम्ही कंटाळून "पाच होते की सात?" म्हणून छळायचो. टपाल खात्याच्या जुन्या यादीत आजोबांचं नाव होतं आणि त्यापुढे हत्याराचा नंबरही होता. म्हणून तर संग्रहालय त्यांच्या नावाची पाटी लावणार होतं.

"शुक्रवारी त्यांची बैठक आहे," वहिनी म्हणाल्या. "तोवर काही खुलासा झाला नाही तर पाटी रद्द. जावई आत्तापासूनच हसतोय. म्हणतो, सासऱ्यांनी निदान नंबर तरी नीट ठोकून घ्यायचा."

आज मंगळवार होता.

मी पेटी उघडली. घोडा कधीचाच निकामी केलेलं, जुनं, झिजलेलं रिव्हॉल्व्हर. लोकांना वाटतं, चकचकीत वस्तूला किंमत जास्त. आमच्या धंद्यात उलटं आहे. सत्तर वर्षं कमरेला लटकून जे हत्यार जागच्या जागी झिजलं, मुलामा उडाला, पण कोणी पॉलिश मारलं नाही, त्याच्यावर संग्राहक जीव टाकतात. एकदा का कोणी ते घासूनपुसून नवं केलं की किंमत निम्म्यावर येते. आणि नंबर बदललेला निघाला की ते लोखंड म्हणून विकायचं.

भिंगातून नंबर पाहिला. बोटाने चाचपला. आकड्यांच्या भोवतीची जागा किंचित खोलगट लागत होती, बशीसारखी. आधी घासलंय, मग ठोकलंय. संग्रहालयाच्या बाईंचं बरोबर होतं.

बावीस वर्षांपूर्वी ह्याच वस्तूला 'अस्सल' म्हणून दाखला दिला होता तो मी, आणि त्याखाली सही होती ती माझी.

२

बाजारात मला भिंगवाले म्हणतात. चाळीस वर्षं जुन्या वस्तू पारखतोय. घड्याळं, कॅमेरे, आणि मुख्य म्हणजे जुनी हत्यारं. तोंडाने फटकळ आहे, मान्य. पण माझ्या दाखल्यावर आजपर्यंत कोणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगितलं असेल.

वहिनी गेल्यावर मी पेटी घेऊन आतल्या बाकड्यापाशी गेलो. तिथे माझा धाकटा भाऊ बसतो. चोपन्न वर्षांचा झाला, तरी सगळ्या बाजाराचा तो छोट्या. लहानपणी मीच हाक मारायला लागलो ती चिकटली ती चिकटली. पारख माझी, हात त्याचा. तुटलेली कमान, उडालेली पट्टी, हरवलेला स्क्रू, काहीही द्या, तो असं बनवून देतो की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते मलाही दोनदा बघावं लागतं.

त्याने हात पुसले, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं.

"दादा, नंबर ठोकलेलाच आहे रे."

"ते दिसलं मला. पण हे आपण पाहिलं होतं तेच आहे का, ते बघायचंय. रजिस्टर काढ."

आमची पद्धत अशी: दाखला लिहिताना दोन कागद, मध्ये कार्बन. वरचा कागद फाडून गिऱ्हाइकाला, खालचा रजिस्टरमध्ये. वस्तूवरची प्रत्येक खूण त्यात लिहायची. रजिस्टरं लोखंडी कपाटात. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक छोट्याकडे.

त्याने बावीस वर्षांपूर्वीचं पान काढून मोठ्याने वाचलं. मी एकेक खूण वस्तूवर शोधत गेलो.

"नळीच्या टोकाचा मुलामा म्यानात घासून उडालेला."

"आहे."

"घोड्याच्या मागे तांदळाएवढा खळगा."

"आहे."

"मूठ अक्रोडाची. उजवी बाजू तळव्याने घासून गुळगुळीत, डाव्या बाजूची जाळी शाबूत."

मी मुठीवरून अंगठा फिरवला. उजवीकडची कोरीव जाळी घासून सपाट झाली होती, डावीकडची बोटाला टोचत होती. "आहे."

छोट्याने रजिस्टर मिटलं. "मग झालं तर. तेच आहे, दादा. म्हणजे तेव्हाही खोटंच होतं."

"मला तेव्हा दिसलं नसतं?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मित्र होता तुझा. मित्राच्या वस्तूला भिंग कशाला लावायचं, असं झालं असेल. होतं."

त्या दिवशी पोस्टमास्तर इथेच बसला होता, आम्ही हसत-खिदळत होतो, दाखला लिहिताना माझं अर्धं लक्ष त्याच्या थापांकडे होतं. हे सगळं मला आठवत होतं.

तरी मन मानेना. मागच्या खोलीत ह्याच बनावटीचं एक बेवारस रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं पडून होतं. शेजारी ठेवून ताडून पाहावं म्हणून उठलो, तर खण रिकामा.

"ते? ते भंगारात दिलं ना मागे. तूच म्हणालास."

मी असं म्हणाल्याचं मला काही आठवेना. पण हल्ली चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधतो, तेव्हा खण लावून टाकला.

छोट्याने चहा मागवला. माझ्या कपात साखर त्यानेच ढवळून दिली. "चाळीस वर्षांत एक चूक, दादा. कोण काय म्हणणार? संग्रहालयाला दोन ओळी लिहून टाक की माझ्याकडून नजरचूक झाली, वस्तू मुळातच बनावट होती. मी टाईप करून ठेवतो, तू फक्त सही कर."

किती जीव लावतो, असं वाटलं मला. खरंच वाटलं. मी म्हणालो, "ठेव टाईप करून."

३

सही करण्याआधी दोन माणसांना भेटायचं ठरवलं. उगाच. एक म्हातारी खोड.

पहिले दातांचे डॉक्टर. ह्यांचा दवाखाना खाली आणि हत्यारांचा संग्रह वर. त्या रिव्हॉल्व्हरसाठी हा माणूस पंधरा वर्षं पोस्टमास्तराच्या मागे लागला होता. दर वाढदिवसाला फोन: "शुभेच्छा, आणि विकताय का?" पोस्टमास्तर म्हणायचा, "ह्याला माझे दात काढू देईन, पण रिव्हॉल्व्हर नाही देणार."

बुधवारी सकाळी मी वर जाऊन बसलो. काचेची कपाटं, आत मखमल, प्रत्येक वस्तूखाली छोटी चिठ्ठी. एका खणावर मात्र आतून कापड टाकलेलं होतं.

मी म्हणालो, "पोस्टमास्तरांच्या त्या वस्तूबद्दल आलो होतो."

"नको," डॉक्टर म्हणाले. "मला आता त्यात रस नाही."

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. पत्राचं नाही, नंबराचं नाही. जो माणूस पंधरा वर्षं एका वस्तूसाठी तळमळला त्याने निदान "विकताहेत का?" एवढं तरी विचारायला हवं होतं. त्याने चहा विचारला. वर हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. माझ्याकडे मात्र एकदाही सरळ पाहिलं नाही.

तिथून जावयाकडे. त्याचं टायरचं दुकान. आवाज असा की समोरच्याला वाटावं आपण बहिरे आहोत.

"हो, मला विकायचंच होतं!" तो म्हणाला. "सासऱ्यांना दहादा सांगितलं, फुकट काय देताय संग्रहालयाला? पण काका, मी ते बदलून माझं काय भलं? खरं असतं तरच चार पैसे आले असते. खोटं निघाल्यावर सगळ्यात मोठा तोटा माझाच!"

बोलणं उद्धट, पण हिशेबी होतं. त्यात खोट सापडेना. मी निघालो तसा तो मागून ओरडला.

"आणि काका, संग्रहालय सोडलं तर पेटी घराबाहेर गेलीय ती एकदाच. सासरे दवाखान्यात होते तेव्हा. संग्रहालयाला द्यायच्या आधी तेलपाणी करून घ्या म्हणाले. गेली दुपारी, आली संध्याकाळी. मीच नेऊन दिली होती."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्याच दुकानात."

पोस्टमास्तर दवाखान्यात होता त्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी घरी पट्टी बांधून पडलो होतो आणि दुकान छोट्या बघत होता. पेटी आली होती हे मला तो आजपर्यंत बोलला नव्हता.

४

घरी जाऊन मी स्वतःलाच रागावलो. तेलपाणी म्हणजे तेलपाणी. हजार वस्तू येतात, प्रत्येकीचं कोण सांगत बसतो? ज्या भावाने ऑपरेशननंतर दोन-दोन तासांनी माझ्या डोळ्यात थेंब घातले, त्याच्यावर संशय घ्यायचा? आणि मुख्य म्हणजे रजिस्टर त्याच्या बाजूने होतं. बावीस वर्षांपूर्वी लिहिलेली प्रत्येक खूण आजच्या वस्तूवर होती. वस्तू बदललीच नसेल तर बदलणारा कुठून येणार?

गुरुवारी सकाळी वहिनींकडे गेलो. चूक माझी होती, तेवढं तोंडावर सांगून टाकावं म्हणून.

त्यांची बैठकीची खोली मला पाठ आहे. खिडकीशी पोस्टमास्तराची वेताची खुर्ची, वर आजोबांचा फोटो. मी शब्द जुळवत त्या फोटोकडे बघत बसलो. मोठ्या मिशा, खांद्यावर टपालाची पिशवी, कमरेला म्यान.

म्यान डाव्या कमरेला होतं.

"वहिनी, आजोबा डावखुरे होते का हो?"

"अहो, डावखुरेच. जेवायलासुद्धा डाव्या हाताने बसायचे म्हणून त्यांची आई मारायची म्हणे. ह्यांनी नाही का सांगितलं तुम्हाला? ह्यांनी काय सांगायचं सोडलं होतं!"

काहीतरी आठवत होतं आणि हाताला लागत नव्हतं.

"वहिनी, मी दिलेला दाखला आहे का घरात? वरचा कागद?"

"आहे ना. ह्यांनी देवासारखा जपलाय." त्यांनी कपाटातून फाइल आणली. प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी न मोडलेला कागद, खाली माझी सही.

मी मुठीची ओळ शोधली. 'उजवी बाजू तळव्याने घासून गुळगुळीत'. त्यातल्या 'उजवी'वर शाईची आडवी रेघ होती आणि वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'डावी'. पुढे 'डाव्या'च्या जागी 'उजव्या'. शेजारी दोन सह्या, एक माझी आणि एक पोस्टमास्तराची.

आणि मग सगळा तो दिवस उभा राहिला. शंभरातली नव्व्याण्णव रिव्हॉल्व्हरं उजव्या हातात राहिलेली असतात, त्यांची मूठ उजवीकडे घासते. माझा हात सवयीने 'उजवी' लिहून गेला. कागद फाडून मी पोस्टमास्तराच्या हातात दिला, आणि तो वाचून खो-खो हसला. "अरे भिंगवाल्या, वस्तू बघून लिहितोस की पाठ म्हणतोस? आजोबा डावखुरे होते! घे, हात लावून बघ!" मी हात लावून पाहिलं, ओशाळलो, वरच्या कागदावर दुरुस्ती केली, दोघांनी सह्या केल्या.

खालच्या कागदावर केली नाही. कारण तेवढ्यात छोट्या बाहेरून आला होता. धाकट्या भावासमोर आपली चूक खोडायची मला लाज वाटली. मी रजिस्टर मिटून कपाटात टाकलं. नंतर करू म्हटलं, आणि बावीस वर्षं केलं नाही.

खऱ्या रिव्हॉल्व्हरची मूठ डावीकडे घासलेली होती. माझ्या टेबलावर जे पडलं होतं त्याची उजवीकडे घासलेली होती. ज्याने कोणी ते बनवलं, त्याने आजोबांचा हात पाहून नाही, माझी चूक वाचून बनवलं होतं. आणि ती चूक ज्या कपाटात होती त्याच्या किल्ल्या दोनच.

"भावोजी, पाणी देऊ का?" वहिनी म्हणाल्या. "एकदम पांढरे पडलात."

५

दुकानात पोचलो तेव्हा छोट्या टाईप केलेला कागद घेऊन उभाच होता. "सही कर, दादा, मी पोचवून येतो."

मी दाखला त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला. मुठीच्या ओळीपाशी आला आणि तिथेच थांबला. पुन्हा वाचला. मग तो बाकड्यावर बसला, आणि मला कळलं की आता विचारायचं काही उरलं नाही.

तरी विचारलं. "मागच्या खोलीतलं भंगारात गेलं नव्हतं."

"नाही."

"पेटी तेलपाण्याला येणार हे तुला कधी कळलं?"

"पंधरा दिवस आधी फोन आला. म्हटलं, आत्ता काम आहे, बारा तारखेला पाठवा. तेव्हा तू पट्टी बांधून घरी असणार होतास." तो खाली बघून बोलत होता. "तेवढ्या दिवसांत बनवलं. रजिस्टर समोर ठेवून. खरी वस्तू एका दुपारीच मिळणार होती."

"आणि खरी हातात आली तेव्हा? तेव्हा दिसलं नाही, मूठ कुठल्या बाजूने घासलीय ते?"

"दिसलं ना." त्याने मान वर केली. "उघडली आणि दिसलं. हात थांबला माझा. वाटलं, दादा चुकला! आयुष्यात पहिल्यांदा दादा चुकलेला मी पाहत होतो. खरं सांगू? हसू आलं मला. मग वाटलं, जाऊ दे. कार्बनवर जे आहे तेच वरच्या कागदावर असणार. कागदावर उजवी, वस्तूवर उजवी. आजोबांचा हात बघायला कोण येतंय?"

तीस वर्षं आमच्या दुकानात कार्बनने कधी दगा दिला नव्हता. त्या भरवशावर तो चालला आणि तिथेच पडला. दुसऱ्या कोणी वस्तू बघून नक्कल केली असती; ह्याने माझ्या कागदावर विश्वास ठेवून केली.

"आणि घासलेला नंबर? तो कोणी पकडेल असं वाटलं नाही?"

"संग्रहालय नेहमी आपल्याकडेच पाठवतं तपासायला. तू माझ्याकडे दिलं असतंस. ह्या नव्या बाई स्वतःचं भिंग घेऊन आल्या."

"कशासाठी, छोट्या? पैसे हवे होते तर मागायचे होतेस."

"पैसे!" तो उठला. "तीस वर्षं ह्या बाकड्यावर बसलोय. हात माझा, सही तुझी. एका कागदावर माझं नाव घातलं नाहीस. सगळा बाजार छोट्या म्हणतो, टायरवालासुद्धा छोट्या म्हणतो, चोपन्न वर्षांचा झालो मी! डॉक्टर इथे आले, समोर बसले आणि पूर्ण नावाने हाक मारली. म्हणाले, तुमच्यासारखा कारागीर ह्या शहरात नाही. तू म्हणालास कधी?"

नव्हतो म्हणालो. ते मला लागलं, आणि लागूनही माझा राग तसूभर कमी झाला नाही.

"माझ्यावर राग होता तर माझं काहीतरी मोडायचंस. मेलेला माणूस खोटारडा ठरत होता. त्याची बायको इथे उभी राहून विचारून गेली, तू आत बसून ऐकलंस. आणि तो खोटा होता ह्यावर सही माझ्याकडून घेणार होतास? चहात साखर ढवळून?"

मी त्याच्या हातातला टाईप केलेला कागद घेतला आणि फाडला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खोट्या वस्तू पकडत आलो, आणि माझ्याच बाकड्यावर माझ्याशेजारी बसून हे चाललं होतं. एवढं उघडं पडल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा हा माझ्या शेजारी होता.

"चल," मी म्हणालो. "डॉक्टरांकडे. तू पुढे हो."

६

डॉक्टरांनी आधी कानावर हात ठेवले. मग छोट्याने त्या कापड टाकलेल्या खणाकडे नुसतं बोट दाखवलं, आणि मी फोन उचलला. पोलिसांचं नाव काढायच्या आतच काच उघडली गेली.

मी ते रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. डोळे मिटले. डाव्या हाताचा तळवा मुठीवर जिथे बसायला हवा तिथे बसला. तिथली जाळी नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. एका माणसाने आयुष्यभर धरल्याशिवाय लाकूड असं होत नाही. नंबराभोवती सपाट लोखंड. घोड्यामागे खळगा. मी बावीस वर्षांपूर्वी आंधळा नव्हतो, एवढं एक समाधान, पण त्याचं करायचं काय ते मला कळेना.

शुक्रवारी सकाळी मी नवा दाखला लिहायला बसलो. छोट्या बाकड्यावर होता. हात मांडीवर, समोर काम नाही.

कार्बन घातला नाही. दोन्ही प्रती हाताने लिहिल्या. आधी अस्सल वस्तू: बनावट, नंबर, प्रत्येक झीज, मूठ डावीकडून घासलेली. किंमत लिहिली. चांगली होती, जावयाचं तोंड बघण्यासारखं होईल एवढी. मग रजिस्टरमधलं जुनं पान काढलं, 'उजवी' खोडलं, 'डावी' लिहिलं, सही केली. बावीस वर्षांनी. छोट्या बघत होता. मी त्याच्या देखत खोडलं.

मग दुसरी वस्तू, नक्कल. तिचाही दाखला द्यावाच लागतो, नाहीतर उद्या कोणीतरी ती अस्सल म्हणून विकेल. तिच्या खुणा लिहिल्या. 'काम' ह्या रकान्यात लिहिलं: अत्यंत उत्तम. हे खरं होतं, आणि खरं तेच लिहायची माझी सवय आहे. शेवटचा रकाना, 'कारागीर'. तिथे पेन थांबलं.

"घालणार आहेस?" छोट्याने विचारलं.

"तीस वर्षं मागत होतास ना."

तेवढ्यात वहिनी आल्या. बैठकीला जायच्या तयारीत, हातात फाइल. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"भावोजी, सांगा."

"नाही, वहिनी. खोटारडा तो नव्हता. पाच म्हणजे पाचच असतील दरोडेखोर. हे घ्या, हे आजोबांचं."

त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवून शेवटचा रकाना भरला. आईने बारशाला ठेवलेलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सही करून कागद त्यांच्यापुढे सरकवला.

वहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोण हो, भावोजी? आडनाव तर तुमचंच दिसतंय."

आतलं बाकडं सरकल्याचा आवाज आला. तो उठून दारात येऊन उभा राहिला.

"ते माझं नाव आहे, वहिनी," तो म्हणाला.